दहा वर्षं झाली, राहतोय

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी दवाखान्यातला केसपेपर पाहिला, तर वरच्याच ओळीत बहुधा ‘फीव्हर सिन्स थ्री डेज’ असं सापडतं. संस्थेच्या लेटरहेडवरच्या अनुभवाच्या दाखल्यात ‘ही इज वर्किंग विथ अस सिन्स लास्ट टेन इयर्स’ असतं. अधिवासाच्या दाखल्याला राज्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं, त्यामुळे इंग्रजीतून केलेल्या अर्जात ‘रिसायडिंग सिन्स लास्ट फिफ्टीन इयर्स’ हे शब्द जवळजवळ ठरलेले. शिर्डीत हॉटेलच्या काउंटरवर हैदराबादचा भक्त ‘आय अ‍ॅम कमिंग हिअर सिन्स ट्वेंटी इयर्स’ म्हणतो, पलीकडचा राहात्याचा मुलगा त्याच घाटाचं उत्तर देतो, आणि दोघांचं काही अडत नाही. हीच वाक्यं दहावीच्या उत्तरपत्रिकेत मात्र लाल शाईखाली जातात. प्रमाण इंग्रजीत, मागे कधीतरी सुरू होऊन आताही चालू असलेल्या गोष्टीचा कालावधी सांगायचा तर क्रियापद प्रेझेंट परफेक्टमध्ये न्यावं लागतं: ‘हॅज बीन वर्किंग फॉर टेन इयर्स’, ‘हॅज लिव्हड हिअर सिन्स २०१०’.

हा नियम मोडणाऱ्या या वाक्यांबद्दल आजवर तीन प्रकारची माणसं बोलत आली आहेत. शाळेतले बाई-सर म्हणतात, ही चूक आहे, सुधारा. भाषाशास्त्रज्ञ म्हणतात, ही भारतीय इंग्रजीची रीत आहे, तिची नोंद घ्या. तुलनात्मक व्याकरणवाले म्हणतात, हा मातृभाषेचा परिणाम आहे. तिघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. पण मराठी मुलाच्या डोक्यात नेमकं काय घडतं, याकडे तिघांनीही पुरेसं पाहिलेलं नाही, असं माझं मत आहे. तो मुलगा चुकतो तेव्हा बहुतेक वेळा तो मराठीचा फार बारीक नियम पाळत असतो.

आधी इंग्रजीकडेच पाहू, कारण विक्षिप्तपणा तिचाच आहे. जर्मन माणूस ‘मी इथे दहा वर्षांपासून राहतो’ असं वर्तमानकाळात सांगतो, फ्रेंचही तसंच, इटालियनही. हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू यांचीही तीच तऱ्हा. स्वीडिश-नॉर्वेजियन अशा काही भाषा सोडल्या तर इंग्रजीला या बाबतीत शेजारात फारशी सोबत नाही. बर्नार्ड कॉमरी यांनी १९७६ साली ‘आस्पेक्ट’ या पुस्तकात परफेक्टचे चार उपयोग वेगळे काढले: आधीच्या घटनेचा आता दिसणारा परिणाम, आयुष्यातला अनुभव, ताजी घटना आणि अजून टिकून असलेली स्थिती. यातला चौथा उपयोग अनेक भाषा साध्या वर्तमानकाळावर भागवतात, हेही त्यांनी नोंदवलं. खुद्द इंग्रजीतही हे पूर्वापार चालत आलेलं नाही. जुन्या इंग्रजीत कालावधीसाठी वर्तमानकाळ चालत असे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये ऑफेलिया राजपुत्राला गेल्या कित्येक दिवसांची खुशाली विचारते ती साध्या वर्तमानकाळात. आजच्या परीक्षकाने तिचा अर्धा गुण कापला असता. ‘हॅव बीन डुइंग’ हे लांबलचक रूप तर त्यानंतर हळूहळू रुळलं.

आता मराठी. इथे मजकूर इतका आहे की शालेय पुस्तकांनी त्याला दोन ओळींत का गुंडाळलं, याचं नवल वाटतं.

चालू गोष्टीचा कालावधी सांगायला मराठीत एकच साचा नाही. ‘मी २०१० पासून नगरला राहतो’ हा सर्वांत सरळ (नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर). ‘गेली दहा वर्षं राहतोय’ हा दुसरा. बोलण्यात सर्वाधिक चालणारा तिसरा: ‘दहा वर्षं झाली, राहतोय.’ पारनेर-कर्जतकडे पावसाबद्दल ‘दोन दिस झालं, लागून राहिलाय’ असं ऐकू येईल, तेही याच जातीचं. इथे वाक्यात दोन क्रियापदं आहेत आणि त्यांनी कामं वाटून घेतली आहेत. सरलेल्या काळाचा हिशेब ‘झाली’ने केला, चालू क्रिया ‘राहतोय’ने दाखवली. इंग्रजी ही दोन्ही ओझी एकाच क्रियापदाच्या पाठीवर लादते. चौथा साचा म्हणजे ‘मला इथे येऊन दहा वर्षं झाली’. यात राहण्याचा उल्लेखच नाही. सुरुवातीची घटना आणि मधला काळ एवढंच सांगितलं, बाकीचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. आणि पाचवा साचा ‘सांगत आलोय’चा. ‘आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पेरत आलेत’ हे वाक्य इंग्रजी ‘हॅव बीन सोइंग’च्या इतकं जवळ आहे की शिक्षकांनी ते हाताशी का धरलं नाही, कळत नाही. त्याला एक मर्यादा आहे, ती मान्य. लांबच्या, पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींनाच तो शोभतो. तीन दिवसांच्या तापाला ‘येत आलाय’ असं कुणी म्हणत नाही.

हे पाच साचे एकीकडे ठेवा आणि ‘मी नगरला पाच वर्षं राहिलोय’ हे वाक्य घ्या. ऐकणाऱ्याला काय कळतं? की हा माणूस कधीतरी पाच वर्षं नगरला होता, त्याला चितळे रस्ता ठाऊक असेल, पण आता तो दुसरीकडे राहतो. मराठीत ‘राहिलो आहे’ला कालावधी जोडला की बहुतेक वेळा तो अनुभव होतो, संपलेला. इंग्रजीतलं ‘आय हॅव लिव्हड इन नगर फॉर फाइव्ह इयर्स’ दोन्ही अर्थांनी चालतं आणि सहसा ‘अजून राहतोय’ याच अर्थाने ऐकलं जातं. म्हणजे इथे मराठी अधिक काटेकोर आहे. सातवीतल्या मुलाला शिकवलं जातं की ‘हॅव’ अधिक तिसरं रूप म्हणजे ‘-लो आहे’. त्याने ते नीट लक्षात ठेवलं. मग ‘मी इथे राहतो’ याचं भाषांतर करताना ‘हॅव लिव्हड’ लिहायला त्याचा हात धजत नाही, कारण त्याच्या कानाला ते ‘राहून सोडलं’ असं ऐकू येतं. तो ‘अ‍ॅम लिव्हिंग’ लिहितो. शिकवलेला नियम त्याने अगदी प्रामाणिकपणे वापरलेला असतो.

याची उलटी बाजू परदेशातल्या मराठी घरांत दिसू शकते. इंग्रजीत वाढलेली नात ‘मी या शाळेत चार वर्षं गेलेय’ म्हणाली, तर आजी विचारणार, मग आता कुठल्या शाळेत जातेस?

व्याकरणाच्या परिभाषेनेही गोंधळात भर घातली. ‘केले आहे’ हा आपला पूर्ण वर्तमानकाळ आणि ‘हॅव डन’ हाही पूर्ण वर्तमानकाळ. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ चं; एकोणिसाव्या शतकातल्या अशा व्याकरणांवर संस्कृतइतकीच इंग्रजी व्याकरणांची छाया होती, आणि दोन भाषांतल्या दोन वेगळ्या रूपांना एकच पाटी लागली. मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त मराठीकडे मराठी म्हणून पाहण्याची मोठी खटपट केली, पण शाळेच्या इंग्रजी तासाला त्याचा उपयोग कुणी करून घेतला नाही. जी क्रिया पूर्ण झालेलीच नाही, तिला ‘पूर्ण’ काळात का घालायचं, हा मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे.

तरीही मराठीत एक कोपरा असा आहे की जिथे आपण इंग्रजीसारखंच वागतो. ‘तो दोन तास झाले बसलाय.’ ‘बाळ सकाळपासून झोपलंय.’ ‘पोरगी कालपासून रुसलीय.’ बसणं, झोपणं, रुसणं, लपणं, साडी नेसणं अशा क्रियापदांचं ‘-लाय’ रूप आजची स्थिती सांगतं, आणि तिला ‘पासून’ बिनदिक्कत जोडता येतं. बाळ अजून झोपलेलंच आहे, रुसवा अजून गेलेला नाही. मागे घडलेली गोष्ट आता टिकून आहे, हा प्रेझेंट परफेक्टचा गाभा इथे आयता मराठीत मिळतो. ‘रुसलीय’पासून सुरुवात केली तर निम्मा डोंगर चढून होईल. अर्थात इंग्रजी अशा वेळी ‘हॅज बीन सिटिंग’, ‘हॅज बीन स्लीपिंग’ म्हणते, म्हणून रूपाची जुळणी नंतर करून द्यावीच लागते. पण कल्पना परकी राहत नाही.

दुसरा दरवाजा ‘येऊन दहा वर्षं झाली’चा. आणि त्याचं बहुधा सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नगरच्या भुईकोट किल्ल्यातच लिहिलं गेलं. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे आणले गेले. जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’चं लेखन याच किल्ल्यात एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या महिन्यांत केलं, पुस्तक १९४६ साली आलं. त्याचं पहिलंच वाक्य कालावधीचं आहे. आम्हाला इथे आणल्याला वीस महिन्यांहून अधिक काळ झाला, हा त्याचा आशय. आता हॅरो आणि केंब्रिजमध्ये शिकलेल्या या लेखकाला ‘वुई हॅव बीन हिअर’ लिहिणं काही जड नव्हतं. त्यांनी तसं लिहिलं नाही. त्यांनी ‘इट इज’ म्हणून काळ मोजला, पुढे ‘सिन्स’ घातलं आणि आणल्याची घटना साध्या भूतकाळात ठेवली. ही बांधणी म्हणजे ‘आणून वीस महिने झाले’ याची इंग्रजी सख्खी बहीण. इंग्लंडात ‘इट इज’ पूर्वापार चालतं, अमेरिकेत ‘इट हॅज बीन’ अधिक. बाकी वाक्य तेच. ‘इट इज टेन इयर्स सिन्स आय केम टू नगर’ हे मराठी माणसाला एका श्वासात म्हणता येण्यासारखं वाक्य आहे, आणि त्यात एकही चूक नाही. हे वाक्य शाळेत आधी का येत नाही?

नाही येत, कारण शिकवण्याचा क्रम आपण दुसरीकडून घेतला. तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर महाराष्ट्राच्या पिढ्या वाढल्या. तिचा बाणा भाषांतराचा होता, आणि आज तिला कितीही नावं ठेवली तरी मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य शेजारी मांडण्याची तिची सवय चांगली होती. पुढे ‘रेन अँड मार्टिन’ आलं. यातले पी. सी. रेन म्हणजे १९२४ ची ‘बो जेस्ट’ ही साहसकथा लिहिणारे कादंबरीकार. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात त्यांनी नोकरी केली होती. या पुस्तकात प्रेझेंट परफेक्टचे उपयोग सांगताना ताजी घटना आणि अनुभव आधी येतात, कालावधीचा उपयोग यादीच्या तळाशी. इंग्रज मुलाला हा क्रम ठीक असेल. आपल्या मुलाला रोजच्या बोलण्यात पहिल्यांदा लागतो तो नेमका तळाचा उपयोग: कुठे राहतोस, किती दिवस झाले, कधीपासून शिकतोस.

राज्याने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं. बोलण्यावर भर आला, पुस्तकं रंगीत झाली. कालावधीचा नियम मात्र ‘सिन्स’ आणि ‘फॉर’च्या रिकाम्या जागांपुरताच उरला. बिंदू असेल तर ‘सिन्स’, लांबी असेल तर ‘फॉर’. हे पाठ करायला सोपं आणि तपासायला त्याहून सोपं. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन दिवसांपासून’ दोन्हीकडे ‘पासून’ चालतं, म्हणून हा भेद शिकवायला हवाच. ‘फ्रॉम लास्ट टेन इयर्स’ हे आपल्याकडचं लाडकं रूपही ‘गेल्या दहा वर्षांपासून’चं शब्दशः रूप आहे. पण रिकामी जागा भरताना क्रियापद आधीच छापलेलं असतं. मुलगा ‘सिन्स’ बरोबर लिहितो, पैकीच्या पैकी गुण घेतो, आणि वर्गाबाहेर आला की ‘आय अ‍ॅम वेटिंग फॉर टू अवर्स’ म्हणतो. परीक्षेने शब्दयोगी अव्यय तपासलं, क्रियापद सुटून गेलं.

मग ही चूक आहे की रीत? निहलानी, टंग आणि होसाली यांनी १९७९ च्या ‘इंडियन अँड ब्रिटिश इंग्लिश’ या कोशवजा पुस्तकात भारतीय आणि ब्रिटिश वापर शेजारी ठेवले, तेव्हापासून ‘सिन्स टेन इयर्स’ हा भारतीय इंग्रजीचा ओळखीचा नमुना मानला जातो. आयर्लंडमध्ये ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर टेन इयर्स’ हे घरचं इंग्रजी आहे, कारण त्या इंग्रजीच्या मुळाशी असलेली आयरिश भाषाही आपल्यासारखीच वर्तमानात मोजते. तिथे त्याला बोली म्हणतात आणि आपल्याकडे चूक. यातला अन्याय मला दिसतो. केसपेपरवरच्या ‘सिन्स थ्री डेज’ने एकाही रोग्याचं निदान बिघडत नाही, आणि डॉक्टरने तिथे वेळ घालवू नये. पण पुण्या-बंगळुरूच्या मुलाखतीत किंवा परदेशी विद्यापीठाच्या अर्जात हेच वाक्य माणसाची परीक्षा होऊन बसतं, हेही खरं. लोणी, कोपरगाव, संगमनेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना ‘बोली आहे, चालेल’ असं सांगणं म्हणजे त्यांना उपाशी पाठवणं. त्यांना दोन्ही आलं पाहिजे.

खरा घोटाळा ‘अ‍ॅम लिव्हिंग सिन्स’मध्ये नाहीच, त्याचा अर्थ कुणालाही कळतो. घोटाळा अतिदुरुस्तीत आहे. ‘हॅव’ लावलं की इंग्रजी चांगलं दिसतं, हा समज एकदा बसला की रयत शिक्षण संस्थेतून निवृत्त झालेले गुरुजीही ‘आय हॅव वर्कड इन रयत फॉर थर्टी इयर्स’ लिहितात, आणि वाचणाऱ्याला वाटतं ते अजून नोकरीत आहेत. अनुभवाच्या दाखल्यात ‘वर्कड’ आणि ‘हॅज वर्कड’ यांच्यामधल्या एका शब्दावर माणूस संस्थेत आहे की सोडून गेला हे ठरतं.

अतिदुरुस्तीचा दुसरा प्रकार तारखेचा: ‘आय हॅव जॉइन्ड इन २०१५.’ याचंही मूळ मराठीत आहे आणि तेही शुद्ध आहे. ‘पाहुणे कालच आलेत’ हे निर्दोष मराठी वाक्य. ‘आलेत’ म्हणजे अजून घरात आहेत, ‘कालच’ म्हणजे केव्हा आले. दोन्ही एकत्र नांदतात. इंग्रजीत ‘हॅव कम’ शेजारी ‘यस्टर्डे’ बसू शकत नाही. जर्मन भाषेत बसतं. वोल्फगांग क्लाइन या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १९९२ साली इंग्रजीच्या या अडेलतट्टूपणावर एक प्रसिद्ध निबंधच लिहिला आणि त्याला प्रेझेंट परफेक्टचं कोडं म्हटलं. ज्याला भाषाशास्त्रज्ञ कोडं म्हणतात, ते आपण आठवीच्या मुलाकडून विनास्पष्टीकरण वदवून घेतो.

जिल्ह्याचा इतिहास या भेदाला चांगली उदाहरणं पुरवतो. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. सिंथिया फरार १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथे मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्यांच्यासाठी साधा भूतकाळ, ‘टॉट फॉर ओव्हर ट्वेंटी इयर्स’. अहमदनगर कॉलेज १९४७ साली सुरू झालं आणि चालू आहे. त्याला ‘हॅज बीन टीचिंग सिन्स १९४७’. शहर १४९० साली वसलं आणि पाच शतकांहून अधिक काळ अहमदनगर म्हणवलं गेलं, म्हणून ‘वॉज कॉल्ड’. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, म्हणून ‘हॅज बीन कॉल्ड अहिल्यानगर सिन्स २०२४’. साईबाबांचं देहावसान १९१८ चं, म्हणून व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे ‘हॅज लिव्हड इन शिर्डी’ चुकीचं. हयात नसलेल्या कर्त्याला हे रूप इंग्रजी सहसा देत नाही. बाबा आजही शिर्डीतच आहेत असं मानणाऱ्या भक्ताच्या तोंडी मात्र ‘हॅज बीन’ बिनचूक ठरेल. काळ कोणता वापरायचा हे बोलणारा जग कसं पाहतो यावर असतं, हे समजावायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. वर्गात ते वापरताना मात्र जरा जपून.

काही किरकोळ पण चिवट अडचणी उरतात. ‘माझ्याकडे २०१५ पासून ट्रॅक्टर आहे’ याचं ‘आय हॅव हॅड’ होतं, आणि मुलांना ते अडखळल्यासारखं वाटतं. ‘ओळखतो’चं ‘अ‍ॅम नोइंग’ होतं, ते ‘हॅव नोन’ व्हायला वेळ लागतो. ‘लग्नाला वीस वर्षं झाली’ याचं ‘हॅव बीन मॅरिड’ होणं तर विचित्रच वाटतं. आणि ‘त्यांना जाऊन पाच वर्षं झाली’ याला इंग्रजी ‘ही हॅज बीन डेड फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणू शकते, जणू गेलेला माणूस तिकडे नेमाने ड्युटी बजावतो आहे. नकारार्थी वाक्यात आणखी एक वळण: ‘दिवाळीपासून त्याला पाहिलं नाही’ यात मराठी भूतकाळ वापरते, म्हणून ‘डिडन्ट सी हिम सिन्स दिवाळी’ येतं. हे मात्र लवकर सुटतं, कारण मराठीचं ‘पाहिलेलं नाही’ हे रूप ‘हॅवन्ट सीन’ला हात देतं.

शिकवण्याचा क्रम बदलायचा तर तो असा असावा, असं मला वाटतं. आधी ‘येऊन इतकी वर्षं झाली’ आणि ‘इट इज... सिन्स’. मग ‘रुसलीय’, ‘झोपलंय’, आणि त्यामागून ‘पेरत आलेत’ व ‘हॅव बीन सोइंग’. चालू क्रियेला सुरुवातीची दोन-तीन वर्षं ‘हॅव बीन’ आणि ‘-इंग’ हेच रूप द्यावं, कारण त्यातलं ‘-इंग’ मराठी कानाला ‘-तोय’सारखं ऐकू येतं आणि काम संपल्याचा संशय घेऊ देत नाही. नुसतं ‘हॅव लिव्हड’ नंतर. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’च्या रिकाम्या जागा सर्वांत शेवटी, आणि त्यांत रिकामं ठेवायचं ते क्रियापद.